घटस्थापनेला जुनंच वस्त्र

देवीवर माझा विश्वास होता का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग मात्र होता, भरपूर. ‘देवीला दर सणाला नवं रेशीम, शिवणाऱ्या बाईला काय?’ असं पत्रक मी स्वतः लिहून झाशीभर वाटलं होतं. ते मागे घेतलेलं नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या सहा जणींना शिवणाच्या प्रशिक्षणाला मीच नेलं. आमच्या बचत गटाचं कर्ज मीच भांडून मिळवलं. त्यातून मोटरच्या मशिनी आल्या आणि जुन्या पायमशिनी भंगारात गेल्या, त्याही माझ्याच हट्टापायी. पहिली मोठी ऑर्डर एका शाळेच्या गणवेशांची. सोमवारी सकाळी माल पोचला नाही तर ऑर्डर दुसऱ्याकडे, आणि हप्ते थकले की गटच मोडणार. शनिवारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. रविवारी दुपारपर्यंत वीज नाही. शर्ट शिवून पडलेले, नुसत्या कॉलर लावायच्या राहिलेल्या!

वीजकचेरीत घसा फोडून मी परत आले, तर गटातली थोरली राजकुमारी भाभी शांतपणे म्हणाली, “बिन्नू, परचन सें मशीन नईं चलत.”

खरंच, पत्रकांनी मशीन चालत नाही. म्हणून तर जास्त झोंबलं. घरात बसवेना, रस्त्यावर थांबवेना. पाय देवीच्या देवळात घेऊन गेले. हात जोडले नाहीत. म्हटलं, “तुझं बरं आहे, तुला वीज लागत नाही.” त्यापुढे शब्दच सुचेना. मला! तशीच बसून राहिले.

तेवढ्यात आतून आवाज आला. खडखड, खडखड. अख्ख्या मोहल्ल्यात वीज नाही आणि मशीन चालू!

गाभाऱ्यामागच्या खोलीत पुजाऱ्यांच्या घरातल्या काकू पायमशिनीवर देवीचं लाल वस्त्र शिवत होत्या. त्या मशिनीवर देवीखेरीज कुणाचं कापड चढत नाही, हे लहानपणापासून माहीत. म्हणून मी काही मागितलंच नाही. झालं ते फक्त सांगितलं.

“अगंबाई, आज भांडत नाहीस? ताप आलाय का?” म्हणत काकूंनी सुईखालचं अर्धं वस्त्र काढलं आणि घडी घातली. “जा, बोलाव तुझ्या बायकांना.”

पुजारी गुरुजी दारातूनच धास्तावले. “अहो, उद्या घटस्थापना!”

“मग? जुनं नेसेल. आई आहे ती, तिला कळत नाही होय?”

बायका गठ्ठे घेऊन धावत आल्या. आळीपाळीने बसल्या. राजकुमारी भाभीचे पाय तर जणू कधी थांबलेच नव्हते. मी खाली बसून दोरे कापत राहिले. दिवेलागणीला शेवटची कॉलर बसली. वीज तेव्हाही आलेली नव्हती, आणि अंधारात देवीचं वस्त्र पुरं होणार नव्हतं.

सोमवारी गणवेश शाळेत देऊन मी थेट देवळात गेले. घट बसला होता, फुलं ताजी होती, आणि देवी गेल्या वर्षीच्याच वस्त्रात, काठ विटलेला. हा चमत्कार होता की नाही, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. एवढंच कळतं की, मी हट्ट सोडून गप्प बसले, तेव्हा तिने स्वतःच्या नव्या वस्त्राची वेळ आम्हाला दिली.

हात जोडले. डोळे मिटवेनात. त्या विटलेल्या काठावरून ते हलतच नव्हते.