नांदेडला राहिलेली मिरची

यंत्र स्टेपलरएवढं होतं आणि हार पोळ्याच्या बैलाला घालावा तसा. हार घातल्यावर यंत्र दिसेनासंच झालं, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी फोटोसाठी हाराकडंच बोट दाखवलं. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. दातओठ खातही टाळ्या वाजवता येतात.

नांदेडच्या कृषी कॉलेजात हे यंत्र आणणारा माझा वर्गमित्र. कंधारचा. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. प्रात्यक्षिकाला पानावरचा रोग मी ओळखायचो आणि तो मला विचारून लिहायचा. पुढं मी लातूरला शिकवायला लागलो. पार शिरूर अनंतपाळहून शेतकरी मला पानांचे फोटो पाठवतात आणि माझा चहा संपायच्या आत त्यांना उत्तर मिळतं. याच्या यंत्राला काही दिवस लागतात, आणि कौतुक मात्र त्याचं.

यंत्र पानातली सगळी जनुकीय अक्षरं वाचतं, मग संगणक ती माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून बघतो. तुलनेसाठी एक निरोगी पानही लागतं. समारंभाआधी त्यानं त्यासाठीच फोन केला.

"तुझ्या गच्चीवरच्या मिरचीची पानं पाठव. तुझ्यासारखी ठणठणीत झाडं कुणाकडं न्हाईत राव."

पानं मी बर्फाच्या डब्यात पाठवली. समारंभाला तर रोपच कुंडीसकट मांडीवर घेऊन एसटीत बसलो. यंत्रानं निरोगी-रोगट यांत घोळ घालावा आणि माझं रोप मंचावर ताठ उभं असावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

पडद्यावर निकाल आला. चुरडा-मुरडा रोगानं आकसलेल्या पानात त्याच रोगाचा विषाणू. आणि माझं नाव लिहिलेल्या निरोगी पानातही एक विषाणू.

"म्हणजे सरांचीच मिरची आजारी हाय का?" पाहुण्यांनी माइकवरच विचारलं. सभागृह हसलं. मी लातूरहून नेलेले विद्यार्थी जरा जास्तच हसले.

डबे बदलले असतील, असं म्हणायला मी उठणार, तेवढ्यात मित्र बोलला.

"न्हाई साहेब. झाड चांगलंच हाय. हा विषाणू बियातून येतो अन् झाडात गपगुमान राहतो. पान वाकडं करत न्हाई, फळ कमी करत न्हाई. कुणाच्याच डोळ्याला दिसला नसता. सर चुकले न्हाईत."

त्यानं मला उघडं पाडलं असतं तर मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या. आता यंत्रही त्याचं आणि मोठेपणाही त्याचाच.

जेवताना तो म्हणाला, "रोप ठेव की माझ्याकडं. या विषाणूवर काम करू."

मी कुंडी त्याच्या हातात दिली. मिरचीच्या रोपासाठी चारचौघांत हट्ट धरायचं माझं वय उरलेलं नाही. परतीच्या बसमध्ये रिकामी मांडी घेऊन बसलो.

गच्चीवर कुंडीच्या जागी अजून गोल डाग आहे. परवा त्यानं फोटो पाठवला. रोप मिरच्यांनी लगडलंय. माझ्याकडं एवढं कधीच लगडलं नव्हतं. फोटो मोठा करून मी एकेक पान तपासलं. कुठं पिवळेपणा, कुठं एखादी मुरड. काही सापडलं नाही.

"झकास," असं त्याला कळवलं आणि चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून बघायला घेतलं.