जपानी सापशिडी म्हणू नका

इथल्या 'ते रापा' भागातल्या दुकानात मी कोथिंबीर निवडत होते, तेव्हा अनिकेतचा फोन आला. "काकू, आई गेली… सकाळी, झोपेतच." जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. दुःख जरा मुरलंय, पण राग काही जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

अनिकेतची आई, मालूताई, पुण्याहून इथे परदेशात मुलाकडे, रोटोटुनाला, आल्या त्या कायमच्याच. मुलगा-सून कामावर, नात शाळेत; दिवसभर घरात त्या एकट्या. एकदा न्यू लिनला गेल्या असताना तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांना एक कागद सापडला. लाकडी ठशांनी छापलेला सुगोरोकू, म्हणजे फाशाने खेळायचा जपानी चित्रांचा पट. पूर्वी तिकडे नववर्षाला मुलं असले पट अंथरून खेळत. कडेच्या पुलावरून निघायचं आणि चहाची दुकानं, नदी पार करून देणारे हमाल, पावसात पळणारे वाटसरू अशी घरं ओलांडत मधल्या राजधानीत पोचायचं. आभाळाच्या निळ्या रंगात ठशाच्या लाकडाच्या रेषासुद्धा दिसायच्या.

कुणी "जपानी सापशिडी" म्हटलं की बाई भडकायच्या. मलाही पहिल्याच दिवशी झापलं होतं, "साप दाखव मला! शिडी दाखव! प्रवास आहे हा!" आणि लगेच वाटीत फासा घालून माझ्यापुढे केला. कागद घड्यांवर चिरलेला, बोटांनी मळलेला. मी म्हटलं, जपून ठेवा. तर म्हणाल्या, "कोरणाऱ्याने तो पोरांनी भोवती बसावं म्हणून कोरलाय." कुरिअरवाल्यालाही त्या इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार करत "किया ओरा, सिट, वन गेम" म्हणायच्या, आणि तो पठ्ठ्या एकदा बसलाही!

गेल्या रविवारी अनिकेतकडे गेले, तर तो पट सोफ्याच्या वर भिंतीवर. पुढे काच, भोवती रुंद पांढरा पुठ्ठा. पाहुणे फोटो काढत होते. जवळ जाऊन पाहिलं आणि डोकंच फिरलं. पुठ्ठ्याने कडेची सगळी घरं झाकलेली. पूल गायब!

"अरे, निघायचं घरच झाकलंस की!"

"काकू, कडा हीप्स फाटल्या होत्या, पार चिंध्या. आर्ट आहे ते, जपायला नको?" मग हळूच, "पण… निघायचं कुठून असतं?"

आईबरोबर एका छपराखाली इतकी वर्षं राहिलेल्या मुलाने हे मला विचारावं! म्हणजे हा एकदाही तिच्यासमोर बसला नव्हता. इतका संताप आला, की रडूच फुटलं.

अनिकेत, तू हे वाचशीलच. तुझ्या आईला भिंतीकडे बघणारी माणसं नको होती रे, समोर मांडी घालून बसणारं एखादं माणूस हवं होतं. ती फ्रेम उघड, पट जमिनीवर अंथर आणि मला फोन कर. पहिला फासा तू टाकायचास.