मधुकरच्या तांब्याच्या टॉर्चला मी चिंच लावली

मधुकर आज सकाळी गेला, आणि मला हायसे वाटले.

हे वाक्य निष्ठुर वाटेल. परंतु गेला महिनाभर ज्यांनी त्याचा एकेक श्वास पाहिला, ते मला दोष देणार नाहीत.

दुसरेही एक कारण आहे. ते लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

मधुकर माझा शाळेपासूनचा मित्र. निवृत्तीनंतर त्याने घरामागच्या खोलीत लेथ मशीन बसवले आणि खिशात मावतील असे टॉर्च घडवू लागला. एका बॅचमध्ये वीसच नग, प्रत्येकावर क्रमांक कोरलेला. देशभरातले शौकीन त्यासाठी महिनोन्‌महिने थांबत.

प्रत्येक बॅचचा पहिला नग तो स्वतःकडे ठेवी.

"अपरिग्रहावर माझे प्रवचन ऐकतोस, आणि घरी इतके टॉर्च?" मी एकदा म्हणालो.

"तुह्या देवघरात किती देव आहेत गा, गुरुजी? एकानं भागत नाही?"



दवाखान्यात भरती झाल्यावर त्याने मला त्या खोलीची किल्ली दिली. "सगळ्यांतले सेल काढून ठेवजो. फुगले तर आतून खराब होते."

सेल काढताना पहिल्या बॅचचा तांब्याचा टॉर्च हाती आला. अकरा वर्षे त्याच्या खिशात राहून पार काळवंडलेला.

आमच्याकडे ताम्हन-पळी रोज चिंच-मिठाने घासतात. त्याच श्रद्धेने मी टॉर्चची नळी घासली. कलशासारखी झळकू लागली. फोटो इथेच, फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिले, 'मित्राच्या वस्तूची सेवा'.

तासाभरात त्याच्या टॉर्च ग्रुपमधल्या एका मुलीची कॉमेंट आली. "काका, हे काय केलंत? तो पॅटिना होता. हाताळून हाताळून तांब्यावर चढलेला रंग. आम्ही त्यासाठीच तांबं घेतो. सरांचा तर अकरा वर्षांचा होता."

मी पोस्ट काढून टाकली.

तीन दिवस मधुकर विचारत होता, "माहे टॉर्च कसे आहेत?"

तीन दिवस मी सांगत होतो, "होते तसेच आहेत."

सत्यव्रतावर आयुष्यभर बोललेला मी.

डॉक्टरांनी आशा सोडली होती. हे असत्य मध्ये ठेवूनच त्याला निरोप द्यावा लागेल, या भीतीने माझे जपात लक्ष लागेना.

चौथ्या दिवशी दुपारी टॉर्च घेऊन गेलो आणि त्याच्या हातात दिला.

त्याने तो उलटसुलट फिरवून पाहिला. मग तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"चिंच?"

"चिंच आणि मीठ."

तो हसला. हसता हसता खोकला. नर्सबाई आम्हा दोघांवर रागावल्या.

"तुही पोस्ट माह्या पोरीनं मले त्याच दिवशी दाखवली होती," तो म्हणाला. "तीन दिवसापासून वाट पाहून राहिलो, गुरुजी कधी सांगते म्हणून."

"मग विचारलं काहून नाही गा?"

"विचारल्यावर कोणीही सांगते. सांगितलं न आता? झालं."

त्याने टॉर्च माझ्या सदऱ्याच्या खिशात सरकवला. "आता तू वापर. तुह्या हाताचा रंग चढू दे. पण पुन्हा चिंच लावली तं पाहजो."

त्यानंतर तो पाच दिवस होता. आम्ही खूप बोललो, बहुतेक निरर्थकच.

आज घाटावर हात जोडले, तेव्हा त्याच्यापासून लपवण्यासारखे माझ्यापाशी काहीही उरले नव्हते.

मधुकरा, सुखाने जा. भरल्या मनाने, पण मोकळ्या मनानेही, तुला अखेरचा नमस्कार.