गुरुजींचं मृत्युपत्र

कुणाच्याही घरात शिरलं की गुरुजी आधी देव्हाऱ्याकडे नाही, छताकडे बघायचे. स्मोक अलार्म हेरायचे, स्टूल मागायचे आणि पिशवीतली निळी शॉवर कॅप त्याच्यावर चढवायचे. "आधी याला झोपवू, मग देवाला उठवू," हे ठरलेलं वाक्य.

ऑकलंडपासून दीड तासावरच्या आमच्या रोटोटुनात ज्यांनी ज्यांनी वास्तुशांत केली, त्या सगळ्यांनी हे पाहिलंय. संकल्प सांगताना ते "वायकाटोनद्याः पूर्वे तीरे" असं इतक्या सहज म्हणायचे, की ही नदी पुराणातलीच वाटावी. सोमवार ते शुक्रवार रोपांच्या नर्सरीत काम. मुलाने त्यांना इथे आणलं आणि तो स्वतः पर्थला गेला. बायको वारल्यावरही गुरुजी हलले नाहीत. "इथल्यांची लग्नं कोण लावणार?" म्हणायचे.

आमच्यात नाशिकची एक फिजिओथेरपिस्ट आहे. तिला पौरोहित्य शिकायचं होतं. चार वर्षं विचारत होती. गुरुजी म्हणायचे, "बघू, चातुर्मास संपू दे." चातुर्मास संपला की, "बघू, मार्गशीर्ष होऊ दे."

ती एकदा मला म्हणाली, "सरळ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं रे."

मग गुरुजींच्या हृदयाचं दुखणं निघालं. त्यांनी मला फोन केला. "तुम्हाला मराठी टायपिंग येतं ना? मृत्युपत्राचा खर्डा करायचाय. वकील नंतर इंग्रजीत करेल."

मी लॅपटॉप घेऊन गेलो. सगळा संसार पलंगावर मांडून ठेवला होता. तेवढ्यात मावला होता.

"करोला गाडी मुलाला. तो विकेल, विकू दे. सोवळी दोन. एक मंदिराला, एक माझ्या अंगावर. ताम्हण, पळी-पंचपात्र मंदिराला. हिची घंटा सुनेला."

"आणि शॉवर कॅप?" मी विचारलं.

"ती तुम्हाला. लिहा." हसलेसुद्धा नाहीत.

शेवटी त्यांनी एक जाडजूड वही उचलली. बारशापासून अंत्यविधीपर्यंत सगळं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. "ही फिजिओबाईंना."

माझी बोटं थांबली. "गुरुजी, नुसती वही घेऊन ती काय करणार? उच्चार कोण सांगणार? तुम्ही तर नसाल."

"शिकेल. हुशार आहे."

"चार वर्षं ती तुमच्याकडेच शिकायचं म्हणतेय."

ते वहीची पानं सारखी करत बसले. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, याला भ्यालो हो. मेलेल्या माणसाला कोण बोलणार? म्हणून मृत्युपत्रात." आणि एकदम, "ते कलम खोडा."

मी खोडलं. आपण उगाच बोललो, असं वाटत घरी आलो.

शनिवारी सकाळी तिचा फोन. "काय सांगितलंस तू त्यांना? सात वाजता दारात उभे, वही घेऊन! चहा विचारला तर म्हणाले, चहा नंतर, आधी आचमन."

पुढे नऊ महिने एकही शनिवार चुकला नाही. माघी गणपतीला एका घरी तिने पूजा सांगितली आणि गुरुजी सोफ्यावर बसून ऐकत होते. एक काका कुरकुरले, तेव्हा म्हणाले, "चूक सापडली तर सांगा. माझ्याही शंभर सापडतील." अंत्यविधीचं प्रकरण ती टाळत होती. "हे एवढ्यात कशाला?" तर म्हणाले, "लागतं. पाठ कर."

इथल्या जुलैच्या ऐन थंडीत ते गेले. मुलगा पर्थहून आला. ऑकलंडहून कुणाला तरी बोलवावं, असं दोघं-तिघं म्हणाले. मुलाने विचारलं, "बाबांनी हिला शिकवलं ना? मग हीच सांगेल."

दहनाआधी तिथल्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या हॉलमध्ये, ती वही उघडून उभी राहिली. आवाज स्वच्छ, उच्चार त्यांचेच. निम्म्यावर आली आणि थांबली. आम्हाला वाटलं, तिला पुढचं म्हणवत नाही. मी पाण्याची बाटली घेऊन उठलो, तर तिने हातानेच मला बसायला सांगितलं. त्या शांततेत, तोवर दगडासारखा उभा असलेला मुलगा हुंदके देऊन रडायला लागला. तो सावरेपर्यंत ती थांबली आणि मग पुढचा मंत्र म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने मला ते पान दाखवलं. दोन मंत्रांच्या मध्ये, फिकट झालेल्या जुन्या शाईत, गुरुजींच्या अक्षरात एक ओळ होती: "येथे थांबावे. घरच्यांना रडू द्यावे."