चऱ्होलीच्या वळणावरचा गोळा

आकाशात काही दिसतं ते घडीभरच. त्याच्याबद्दलचं बोलणं मात्र महिनोन्महिने चालतं. हवाई दलाच्या एका चौकशी पथकाबरोबर मी सल्लागार म्हणून हिंडतो. इतक्या दिवसांत माझ्याजवळ आकाशातल्या वस्तू फार थोड्या जमल्या, जमिनीवरच्या माणसांचे किस्से मात्र ढीगभर. मित्र विचारतात, "काय हो, खरंच असतं का काही?" मला नक्की सांगता येत नाही. म्हणून मी किस्से सांगतो.

पथक म्हणजे आम्ही तिघं. विंग कमांडर नायर मूळचे केरळचे, पण मराठी वर्तमानपत्र वाचून वाचून शिकलेत, त्यामुळे बातमी दिल्यासारखं बोलतात. सार्जंट पवार साताऱ्याकडचे. आणि मी. वातावरणातल्या प्रकाशावर पीएच.डी. केली, शिकवलं, निवृत्त झालो, आता चिंचवडला राहतो. कुणी काही अनोळखी उडताना पाहिलं, तर ते काय होतं याची खात्री करायची हे पथकाचं काम. तो शुक्राचा तारा होता की ढगावरचा उजेड, हे सांगायचं माझं. मी बहुतेक वेळा "बहुधा शुक्र" असं सांगतो. नायर एकदा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तो 'बहुधा' आपण घरी ठेवून येत चला."

आजचे सगळे किस्से एकाच प्रकरणातले आहेत. दत्ता सूर्यवंशी हा उदगीरकडचा माणूस चाकणच्या एका कंपनीच्या लोकांची बस चालवायचा. बस कंपनीची नाही, एका ठेकेदाराची. त्याला सगळे शेठ म्हणतात. एका संध्याकाळी जनरल शिफ्टची माणसं घेऊन येताना चऱ्होलीच्या वळणावर दत्तानं करकचून ब्रेक मारला आणि बस खडीच्या ढिगावर चढली. कुणाला फारसं लागलं नाही. दत्ता म्हणाला, आभाळातून पांढरा गोळा सरळ रस्त्यावर उतरत होता. शेठ म्हणाले, दत्ता प्यालेला होता.

"माळकरी माणूस मी सर," दत्ता गळ्यातली माळ दाखवत आम्हाला म्हणाला. "आन् लोक मला बेवडा म्हणायलेत."

शेठनी त्याला गाडीवरून उतरवलं होतं आणि बजावलं होतं, "गोळा होता असं मिलिटरीनं सांगितलं तर परत ये. नाहीतर उदगीरची एसटी पकड."

म्हणजे दत्ताची नोकरी आमच्या निकालावर. हे कळल्यापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

*

सुरुवात बसमधल्या लोकांपासून केली. कंपनीच्या क्वालिटी विभागातला एक इंजिनिअर त्याच बसमध्ये होता. नायरांनी त्याला फक्त काय पाहिलं ते विचारलं होतं. तो प्रेझेंटेशन घेऊन आला. चाकणला काहीही बिघडलं की "का?" असं पाच वेळा विचारायची पद्धत आहे, त्या पद्धतीनं त्यानं आकाशाचा प्रश्न सोडवला होता.

बस खडीवर का चढली? ब्रेक मारला म्हणून. ब्रेक का मारला? ड्रायव्हरला गोळा दिसला म्हणून. गोळा का दिसला? ड्रायव्हर समोर बघत होता म्हणून.

तिसऱ्या प्रश्नालाच मूळ कारण सापडल्यामुळे पुढचे दोन विचारायची गरज पडली नव्हती. उपायही होता. समोरच्या काचेला पडदा.

नायर बराच वेळ पडद्यावरचा तो पडदा बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पडदा लावल्यानंतर बस कशी चालवली जाईल?"

"सर, ते आमच्याकडे येत नाही. ते ट्रान्सपोर्ट विभाग बघेल."

"बरं, आपण स्वतः काय पाहिलं?"

"मी? मी रील बघत होतो, सर."

बसमधल्या बाकीच्यांनीही तेच सांगितलं. रील फक्त वेगवेगळ्या.

*

मग वळणाच्या आसपासचे शेतकरी. आमची चूक अशी झाली की पवारांनी आधी तिपाई लावून कोन मोजायला घेतले आणि मी फूटपट्टीसारखी लांब काठी धरून उसाच्या कडेला उभा राहिलो. चऱ्होलीत गणवेशातला माणूस तिपाई लावतो म्हणजे रस्त्यासाठी जमीन जाणार, हे तिथल्या म्हशींनासुद्धा ठाऊक आहे.

एक म्हातारबाबा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. पवारांनी विचारलं, "बाबा, त्या दिवशी संध्याकाळी वर काही दिसलं का?"

"न्हाई."

"पांढरा उजेड वगैरे?"

"न्हाई."

"हे शेत तुमचंच ना?"

"आमचं शेतच न्हाई." विहीर त्यांची होती, ऊस त्यांचा होता, मोटारपंपाच्या खोलीवर त्यांचं नाव होतं.

पवार चिकाटीचे. "शेताचं राहू द्या. आभाळाकडं तरी बघितलं असेल की."

"आमच्याकडं आभाळ न्हाई साहेब," म्हातारबाबा म्हणाले. "ते तिकडं, भावकीच्या गटात हाय."

भावकीनं आभाळ चुलत्यांच्या गटात असल्याचं सांगितलं. अशा रीतीनं आम्ही गावाबाहेर पडलो.

*

तिथून थोड्याच अंतरावर एक नवी इमारत उठत होती. विमानतळाच्या आसपास किती मजले चढवायचे याला हवाई दलाचा ना हरकत दाखला लागतो. बिल्डरला तो हव्या तितक्या मजल्यांचा मिळाला नव्हता, त्यामुळे गणवेश पाहताच त्यानं खुर्च्या मागवल्या, नारळपाणी मागवलं.

नायर म्हणाले, "आम्ही एका अनोळखी वस्तूची चौकशी करीत आहोत."

"किती उंचीवर होती?" त्यानं लगेच विचारलं.

मी म्हणालो, "ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा पंधरा-वीस मजल्यांपासून खाली आली असावी."

त्याचा चेहरा पडला. नारळात स्ट्रॉ फिरवत तो म्हणाला, "साहेब, मला सातव्या मजल्यावर अडवलंत. ह्याला एनओसी कुणी दिली?"

*

साक्षीदार मिळाले ते आळंदीला. नदीकाठच्या एका वारकरी पाठशाळेतून निरोप आला की विद्यार्थ्यांनी गोळा पाहिला आहे. मला इतका आनंद झाला की मी दत्ताला फोन करून सांगितलंसुद्धा. फोन ठेवल्यावर वाटलं, घाई केली.

नायरांनी एकेका विद्यार्थ्याला वेगळं बोलावलं. पहिला हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "उत्तर दिशेकडून शुभ्र तेजाचा गोळा हळूहळू खाली आला आणि दिसेनासा झाला." दुसरा आला. उत्तर दिशेकडून शुभ्र तेजाचा गोळा हळूहळू खाली आला आणि दिसेनासा झाला. तिसरा, चौथा, तेच. पाचवा म्हणाला, "उत्तर दिशेकडून शुभ्र तेजाचा गोळा खाली आला आणि—"

दाराआडून महाराजांचा आवाज आला, "हळूहळू राहिलं. पहिल्यापासून म्हण."

नायरांनी पेन खाली ठेवलं. महाराज आत आले. साधे, प्रेमळ गृहस्थ. म्हणाले, "तुम्ही येणार कळलं म्हणून पाठ करून घेतलं. परीक्षकांपुढे फजिती नको."

"पण महाराज, प्रत्यक्ष पाहिलं कुणी?"

"पाहिलं एकानंच. पण येतं सगळ्यांना."

"तो एक कोण?"

महाराजांनी ओळीत बसलेल्या मुलांकडे पाहिलं. एकेकाला विचारलं. प्रत्येक जण उभा राहून म्हणाला, उत्तर दिशेकडून.

*

दरम्यान शेठ एकदा थेट माझ्या घरी आले. हिनं चहा ठेवला. शेठ म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही शिकलेले. मला एका शब्दात सांगा. गोळा होता का नव्हता?"

मी खूप विचार करून म्हणालो, "असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"म्हणजे नव्हता."

"तसं नाही. नव्हताच असंही म्हणता येणार नाही."

शेठनी बशी खाली ठेवली आणि आतल्या बाजूला तोंड करून विचारलं, "वहिनी, डॉक्टर घरात पण असंच बोलतात का?"

"नाही," ही आतून म्हणाली. "घरात एवढं स्पष्ट कुठं बोलतात."

शेठ गेले आणि त्यांनी नवा ड्रायव्हर बघायला सुरुवात केली. दोन दिवसांनी दत्ताचा फोन आला. म्हणाला, "सर, घरमालकानं खोली सोडायला सांगितलंय. बायकोला काय सांगू? शक्यता हाय म्हणून सांगू?"

*

आशा दाखवली ती पवारांनी. वळणापलीकडे लग्नाचं एक लॉन आहे. हल्ली तिथं वरमाला ड्रोनमधून येते. वधूवर वर बघत उभे राहतात, दिव्यांनी लखलखलेलं ड्रोन खाली येतं, हार काढून घ्यायचा. लॉनच्या मॅनेजरनं सांगितलं की मध्यंतरी एका लग्नात ड्रोन हार घेऊन निघालं ते मांडवाकडे न येता रस्त्याच्या दिशेनं गेलं.

"मग लग्नाचं काय झालं?" मी विचारलं.

"लागलं की. मुहूर्त थांबतो का? हार दुसरा आणला."

"आणि ड्रोन?"

"त्याचं माहीत नाही. नवरीचे मामा ड्रोनवाल्याला शोधतायत, ड्रोनवाला ड्रोनला शोधतोय."

ते लग्न नेमकं त्याच संध्याकाळी होतं का, हे त्याला आठवेना. त्या आठवड्यात मुहूर्तच मुहूर्त होते. तरी नायर खूश झाले. वस्तूची ओळख पटली. मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "आज 'बहुधा' नको."

पण शेठ मानेनात. "ड्रोन केवढं असतं? त्याला बघून कुठला शुद्धीतला ड्रायव्हर एवढा ब्रेक मारेल?"

"तर मग प्रत्यक्ष पाहू," नायर म्हणाले. "तीच बस, तोच रस्ता, तीच वेळ. ड्रोन आमचं."

*

ठरल्या संध्याकाळी ट्रॅफिक पोलिसांनी रस्ता थोडा वेळ मोकळा करून दिला. पवार ड्रोन घेऊन वळणापलीकडे लॉनच्या भिंतीमागे थांबले. बसमध्ये दत्ता, त्याच्या बाजूला नायर, मागच्या सीटवर शेठ आणि त्यांच्या शेजारी मी, समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून. ड्रोन येणार हे दत्तासकट सगळ्यांना माहीत होतं. बघायचं एवढंच होतं, की माणूस दचकून ब्रेक मारेल असा तो उजेड असतो का.

दत्ताचे ओठ हलत होते. नामस्मरण चाललं असावं. त्यानं ब्रेक मारला तर शेठ म्हणणार नाटक केलं, नाही मारला तर म्हणणार बघा, कुणी मारत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बस वळणाला लागली होती.

उजेड आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच मोठा. पांढरा, गोल, अजिबात आवाज नाही. सरळ रस्त्यावर उतरू लागला. काचेतून आमचे सगळ्यांचे चेहरे पांढरे झाले.

"अरे थांब, थांब," शेठ ओरडले आणि त्यांनी माझा दंड धरला. दत्ता थांबला नाही. गाडी त्याच वेगात उजेडाखाली गेली, उजेड टपावरून मागं सरकला आणि नाहीसा झाला.

शेठनी माझा दंड सोडला. "गाढवा, ब्रेक का नाही मारलास?"

"ड्रोनच हाय की शेठ," दत्ता आरशात बघत म्हणाला. "साहेबांचं. त्याला काय भ्यायचं?"

तेवढ्यात नायरांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"सर, पवार बोलतोय. इकडं वारं लई सुटलंय, ड्रोन अजून पेटीतच आहे. काढू का आता?"

मग दत्तानं करकचून ब्रेक मारला. शेठ समोरच्या दांडीवर आपटले. कपाळ चोळत म्हणाले,

"बरोबर केलंस, दत्ता."