मोकळा गळा

आमच्या पॅकिंग हॉलच्या दारात एक बाई बसायची. आत जाणाऱ्या प्रत्येकीचा गळा, कान, मनगटं बघायची. औषधाची कंपनी, गोळ्यांच्या पाकिटात एखादा मणी निघाला तर सगळा माल परत येणार. म्हणून मंगळसूत्र, बांगड्या, टिकली, सगळं लॉकरमध्ये. पहिल्या दिवशी मंगळसूत्र रुमालात गुंडाळून ठेवलं होतं, नंतर सवय झाली. नवऱ्याला मी तेव्हाच सांगितलं होतं. तेच म्हणाले, "पर्समध्ये ठेवू नको, हरवेल. लॉकरला कुलूप लाव."

परभणीकडून बोईसरला आल्यावर मिळालेली ही माझी पहिली नोकरी. का आवडायची विचाराल तर हसाल. मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या हातचा चहा मिळायचा. आयता. बसायचं आणि प्यायचं.

माझ्या शेजारी चिंचणीची एक बाई काम करायची. तिच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बाजारात मासळी विकत आलेल्या. सासूबाई गावाहून राहायला आल्यात आणि त्यांना मंगळसूत्राचं सांगितलेलं नाही, हे ऐकून तिला हसूच फुटलं. "तुमी सांगून टाका ना एकदाचं. आमची म्हातारी तर बोलते, काय काढायचं ते काढ, पण कामाला जा!"

मी सांगितलं नाही. रोज घालून निघायची, घालून परत यायची.

एकदा सुटताना कंपनीची बस हॉर्न मारत होती आणि मी लॉकर न उघडताच पळाले. सासूबाई खोलीच्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि सूप बाजूला सारलं.

"अगं, गळा मोकळा? माझा लेक जित्ता हाय की गं!"

त्या कपाळ बडवून रडायला लागल्या. शेजारच्या खोलीतली बिहारची वहिनी डोकावली. मी सांगत होते, कंपनीचा नियम आहे, सगळ्याच काढतात, ह्यांना माहीत आहे. सासूबाई लेकाकडे वळल्या. "तुला ठावं होतं?"

ते मोबाईल चार्जिंगला लावत होते. "मला काय माहीत, ही तिथं काय करते," म्हणाले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. एका जागी बसून पाय बधिर होतो, तसं काहीतरी सगळ्या अंगाला झालं. मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले.

सासूबाई असेपर्यंत मी घरी राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्या बोलल्या आणि ह्यांनी मान हलवली. लॉकरची किल्ली ह्यांच्याबरोबर पाठवली. चिंचणीवालीनं मंगळसूत्र गेटवर आणून दिलं.

सासूबाई गावी गेल्यावर मी कंपनीचं ओळखपत्र शोधून ठेवलं. तोवर ह्यांना ड्यूटीवरून आलं की गरम जेवणाची सवय लागली होती. ठेकेदाराचा फोन ह्यांच्याच मोबाईलवर आला. लग्न झालेल्या बाईला कामावर घेताना तो नवऱ्याचाच नंबर घेतो. "जागा धरून ठेवलीय, उद्या पाठवता का?"

मी समोरच चपात्या लाटत होते.

"मी कुठं अडवतोय साहेब," हे म्हणाले, "तिचंच मन नाही आता."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नव्हतं, तरी मी मान हलवली.