ज्योतीरामचं मानाचं पेन

आकुर्डीच्या आमच्या सोसायटीत ज्योतीरामच्या फ्लॅटचं दार उघडं असलं, की येणाऱ्याजाणाऱ्याला एक संग्रहालय फुकटात बघायला मिळतं. समोरच ट्रेडमिल. तिच्यावर टॉवेल वाळत असतात. कोपऱ्यात माशांची काचपेटी, तिच्यात सध्या कांदे. खिळ्याला बासरी, ती फक्त पाल हाकलायची वेळ आली की खाली उतरते. यातली प्रत्येक वस्तू घरात आणताना ज्योतीराम म्हणाला होता, "ह्या वेळी मी सिरियसली घेणार आहे." सिरियसली घेतलं ते त्याच्या बायकोनं, विजयश्री वहिनींनी. घर त्यांनाच झाडायचं असतं.

ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजायचे आणि त्यांना नावं ठेवायची, याचा त्याला पगार मिळतो. सवय अंगात इतकी मुरली आहे, की ताटात पोळी पडली तरी तो आधी तिचा गोलपणा बघतो. "रिजेक्ट असेल तर राहू द्या," वहिनी म्हणतात, "रात्री तीच गरम करून वाढीन."

तर अशा या माणसाच्या मुलीचं, दीक्षाचं, लग्न ठरलं. जावई चांगला, व्याही समजूतदार, कार्यालय मनासारखं. सगळंच इतकं बिनबोभाट जमत गेलं, की शेजाऱ्यांना बोलायला विषय उरेना. पण देवाला आमची काळजी. त्यानं अंबूबाई राखून ठेवली होती.

अंबूबाई म्हणजे ज्योतीरामची थोरली बहीण, चाकणच्या पुढच्या एका गावात दिलेली. या फ्लॅटच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत निमंत्रकांची झाडून सगळी नावं छापली होती. मेहुण्याचं रांगतं पोरही 'आमच्या आत्याच्या नव्या घरी यायचं हं' म्हणत होतं. अंबूबाईचं नाव तेवढं गळलं. ज्योतीरामच्या मते ती छापखान्याची चूक. अंबूबाईचं म्हणणं, छापखानेवाल्यानं मला कधी बघितलेलं नाही, तो कशाला माझ्यावर डूख धरेल? त्या दिवसापासून तिनं या घराचा उंबरा ओलांडला नाही.

आणि इकडे दीक्षा हटून बसली. बारशाला जिनं कानात नाव सांगितलं, ती आत्या आली नाही तर हळद लावून घेणार नाही. "पप्पा, तुम्ही आणि आत्या काय ते बघा. मी पिवळी होणार ती आत्याच्याच हातानं."

शेवटी अंबूबाईचे यजमान, गेनबा दाजी, यांचा फोन आला. आवाज दबका होता. बायको जवळपास असावी. "ज्योतीराम, ती म्हणती, छापल्यालं नगं. माझ्या दारात यायचं, माझ्या म्होरं बसायचं आन् पत्रिकेवर हातानं माझं नाव लिवायचं. मंग बगू."

एवढंच ना? माणसानं खिशातलं बॉलपेन घेऊन मोटारसायकलला किक मारली असती. पण ज्योतीरामचं अक्षर म्हणजे पावसाळ्यातल्या दिव्याखाली किडे पडावेत तसं. त्यानं दोनतीन दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि रविवारी चहाच्या वेळी जाहीर केलं, "मी फाउंटन पेन घेतोय. त्यानं अक्षर सुधारतं. रोजचं सगळं लिखाण आता त्यानंच. दसऱ्यापर्यंत हात बसेल."

"अहो, बॉलपेननं लिहिलं तर वन्सं परत पाठवणार आहेत का?" वहिनींनी विचारलं.

"मानाचं काम आहे ते."

"ट्रेडमिलला सरकवून जागा करू का आत्ताच?"



चिंचवडच्या दुकानदारानं भल्या मनानं सांगितलं, नवशिक्याला हे साधं स्टीलच्या निबचं पेन बरं, निब बारीक घ्या, आणि शाई ही निळी, धुतली की जाणारी. पेन ज्योतीरामला पटलं. शाई पटेना. मानाच्या पत्रिकेवर पाण्यानं जाणारी शाई? मग मान तरी किती दिवस टिकायचा? त्यानं पक्की, गडद, कशानं म्हणजे कशानंही न जाणारी शाई मागितली.

"कपड्यावर पडली तर निघणार नाही, साहेब."

"पाडतंय कोण?" ज्योतीराम म्हणाला.

मग सोसायटीला शिकवणी सुरू झाली. लिफ्टमध्ये कुणी सापडलं की हा खिशातून पेन काढायचा. दाबायचं नाही, निब आपल्या वजनानं चालली पाहिजे. उभं धरायचं नाही, थोडं कलतं. निबचा वरचा भाग आभाळाकडे. लिहून झालं की लगेच टोपण. आणि कधीही, कधीही झटकायचं नाही. झटकतो तो अडाणी. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सगळं दोनदा ऐकावं लागे, जाताना आणि येताना.

स्वतः मास्तरांची प्रगती अशी, की सोसायटीच्या रजिस्टरात सही केली तर ती पुढच्या तीन पानांवर उमटली. कागद जिलबीच्या कढईतून काढल्यासारखा शाई प्यायला होता. ज्योतीरामनं कागद रिजेक्ट केला. पेन आडवं खिशात टाकून चाकणच्या खड्ड्यांतून मोटारसायकलवर गेला, तर कंपनीत पोचेपर्यंत टोपणात डबकं आणि शर्टावर छातीपाशी निळं हृदय. रस्ता रिजेक्ट केला. स्टोअरमधल्या समाधाननं एकदा पेन मागून घेतलं, बॉलपेनसारखं रेटून ओढलं आणि परत देत म्हणाला, "राव, रिफिल संपलीय वाटतं याची." त्या दिवशी ज्योतीराम जेवला नाही.

पण खोटं कशाला बोला, माणूस या वेळी टिकला. वाण्याची यादी, कंपनीतली नोंद, फ्रिजवर चिकटवायची चिठ्ठी, सगळं त्याच पेनानं. जाड, गुळगुळीत कागदाची वही आणली. हळूहळू दाब सुटला. किडे ओळीनं बसू लागले. वहिनींनी एकदा यादीतलं 'धने' पहिल्या फटक्यात वाचलं आणि स्वतःच दचकल्या. शेजारी हिरमुसले, असं सुरळीत चाललं तर आम्ही हसायचं कशाला?

तेवढ्यात खंडेनवमी आली.

कंपन्यांमधली खंडेनवमी म्हणजे काय ते या भागात कुणाला सांगायला नको. मशिनी पुसायच्या, हत्यारं धुवायची, गंज धरू नये म्हणून तेलाचा हात फिरवायचा, मग हळदकुंकू, झेंडू, नारळ. ज्योतीरामनं आपली मोजमापाची हत्यारं मांडली आणि मधोमध पेन ठेवलं. आता तेच त्याचं खरं हत्यार. उद्या दसरा, उद्याच अंबूआक्काकडे जायचं. निब स्टीलची. स्टील म्हटल्यावर तीस वर्षांचा हात आपसूक तेलाच्या डब्याकडे गेला. त्यानं निब छान पुसली, गंज रोखायच्या तेलात बुडवली, आतबाहेर चोपडली, वर हळदकुंकवाचं बोट लावलं आणि टोपण लावून नमस्कार केला. लिफ्टमध्ये शिकवलेल्या धड्यांत हा एवढाच धडा राहिला होता, की निबला पाण्याशिवाय काही लावायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिघं अंबूबाईच्या दारात उभी राहिली. ज्योतीराम, विजयश्री वहिनी आणि दीक्षा. अंबूबाई ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती. दसऱ्याचं कोरं लुगडं, लिंबाच्या रंगाचं, आजच घडी मोडलेलं. शेजारी गेनबा दाजी, जीव मुठीत धरून.

"आलास व्हय?" अंबूबाई म्हणाली. "मला वाटलं, पत्ता बी छापायचा ऱ्हायला आसंल."

ज्योतीराम आपट्याची पानं तिच्या हातात ठेवून पाया पडला. "आक्का, सोन्यासारखी ऱ्हा." गावात पाऊल टाकलं की याची भाषा आपोआप उतरते.

"सोनं ऱ्हाऊ दे. नाव लिव."

लग्नाची पत्रिका पाटावर ठेवली. दीक्षानं आत्याचा हात धरला. ज्योतीरामनं अशा रुबाबात टोपण काढलं की दाजींनीही मान पुढे केली. निब कलती, वरचा भाग आभाळाकडे, दाब नाही. त्यानं 'अ' काढला.

कागद कोरा.

पुन्हा काढला. कागद नुसता चकाकला. तेल आपलं काम चोख बजावत होतं. गंज नाही आणि शाईही नाही.  शिकवण विसरून ज्योतीरामनं निब दाबली. पत्रिकेवर चरा उठला, अक्षर नाही.

अंबूबाईनं त्या चऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वास्तुशांतीच्या टायमाला बी पेनच चाललं नव्हतं व्हय रं?"

दाजींनी डोळे मिटले. दीक्षाच्या हातातला आत्याचा हात सुटत चालला होता. वहिनी पर्समध्ये बॉलपेन शोधू लागल्या, पण ज्योतीरामला काही दिसत नव्हतं. दिसत होती फक्त ती हळद, जी आता पोरीला लागणार नव्हती. आणि मग त्यानं ते केलं, जे फक्त अडाणी करतात.

त्यानं पेन झटकलं. एकदा. दुसऱ्यांदा अंगातलं सगळं बळ लावून.

तेलाचा बोळा सुटला आणि अडलेली शाई एकदमच निघाली. लिंबाच्या रंगावर, पदरापासून गुडघ्यापर्यंत, गडद, पक्की, कशानंही न जाणारी.

 ज्योतीराम पुटपुटला, "आक्का, म्या..."

अंबूबाईनं मान खाली घालून डाग बघितला. पदर हातात धरून उजेडाला नेला. बोटानं चोळला, बोट निळं झालं, डाग होता तसाच. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कुणाला कळेना. पहिल्यांदा हसू फुटलं ते दाजींना, आणि ते दाबायच्या नादात त्यांना ठसका लागला.

"हसा," अंबूबाई म्हणाली. "पाठच्या भावानं कागदावर न्हाई, आंगावर लिवलंय माझं नाव."

"वन्सं, मी आत्ताच्या आत्ता धुवून देते," वहिनी पुढे झाल्या. "लिंबू आणि मीठ—"

"हात लावू नगंस!" अंबूबाईनं पदर मागे ओढला. "धुवायचं न्हाई. हेच नेसून मांडवात येनार. याच्या समद्या पावण्यांना दावनार. इचारू देत, काय झालं म्हून."

दीक्षानं जपून विचारलं, "म्हणजे आत्या... तू येणार?"

"येनार न्हाई तर काय! माझं लुगडं माझ्याबिगर कोन दावनार, तू?"

रुसवा सोडायचा तर बाईला काहीतरी कारण लागतं, आणि जुन्या तक्रारीपेक्षा मोठी, ताजी, सगळ्यांना डोळ्यांनी दिसणारी तक्रार हाती आल्यावर जुनी कोण जपणार? वहिनींनी बॉलपेन पुढे केलं, तर तेही तिनं परत सारलं. "कोरीच ऱ्हाऊ दे पत्रिका. पुरावा हाय." मग पुरणपोळी वाढली. ज्योतीरामनं ती गोल आहे का ते बघितलं नाही.

घरी येऊन निब कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून धुतली, साध्या पाण्यानं खळखळून काढली, तसं पेन पुन्हा सुरू झालं. शाईही बदलली, आता धुतली की जाणारी आहे. लिफ्टमधल्या शिकवणीत तेलाचा नवा धडा आला, फक्त तो आपण कुठे शिकलो हे मास्तर सांगत नाहीत. सांगायला आम्ही आहोत.

मार्गशीर्षात लग्न लागलं. अंबूबाई सगळ्यांच्या आधी, भल्या सकाळी कार्यालयात हजर झाली, अंगावर तेच लिंबाचं लुगडं, डाग बरोबर समोर. दीक्षाला पहिली हळद तिनं लावली. मानाची नवी साडी मिळाली ती तिनं पिशवीत घातली, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे उभी राहिली. "मला निमंत्रण आसं आलं," ती सांगायची. वराकडच्यांना वाटलं, ही यांच्याकडची काही रीत असावी.

दुपारी भटजींनी आवाज दिला, "सह्या करायच्या आहेत. कुणाकडे पेन आहे का?"

ज्योतीरामचा हात खिशाकडे गेला. त्यानं टोपण काढलं, तशी पुढच्या रांगेतल्या बायकांनी खुर्च्या मागे सरकवल्या आणि पदर गोळा करून पोटाशी धरले. अंबूबाई तेवढी जागची हलली नाही.

"मला कशाचं भ्या?" ती म्हणाली. "माझं लिवून झालंय."